काचेतलं लुगडं

दुकानाच्या काचेतल्या डमीला नऊवारी नेसवायची असेल तर आधी तिचा एक पाय काढावा लागतो. डमी घडवलेली असते ती शर्ट-पॅन्ट नि फ्रॉकच्या हिशेबाने. उंची पावणेसहा फूट, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि मांड्या एकमेकींना इतक्या खेटलेल्या की मधून कासोटा काय, पोस्टकार्डही जाऊ नये. म्हणून डावा पाय मांडीपासून फिरवून सोडवायचा, लुगडं कमरेला गाठ मारून घ्यायचं, निऱ्यांचा मधला काठ मागे ओढून खोचायचा आणि मग कापडाच्या आत हात घालून तो पाय चाचपडत परत बसवायचा. नीट बसला की 'खट्' असा आवाज येतो. आवाज आला नाही तर तासा-दोन तासांनी डमी रस्त्याकडे तोंड करून हळूच गुडघे टेकते. आमची एकदा टेकली. समोरचा पानवाला धावत सांगायला आला, "बेन, तमारी ढींगली पडी गई!"

ही ढींगली, म्हणजे बाहुली, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका धर्मादाय दुकानाची. लोकांनी दिलेले वापरलेले कपडे तिथे विकले जातात आणि आलेल्या पैशांतून एक ट्रस्ट गरजू मुलींच्या वसतिगृहाची फी भरतो. मी तिथे आठ आठवडे दुकानाची दर्शनी काच सजवत होते. कॉलेजच्या भाषेत 'व्हिज्युअल मर्चंडायझिंग प्लेसमेंट', १६० तास, सही-शिक्क्यासकट.

खरं सांगायचं तर मला तिथे जायचं नव्हतं. तिसऱ्या वर्षाला प्लेसमेंटची यादी लागली तेव्हा मैत्रिणींना अलकापुरीतल्या शोरूम मिळाल्या, एकीला मॉलमधलं ब्रँडचं दुकान मिळालं. माझ्या नावापुढे हे. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "तू रावपुऱ्यात राहतेस ना? चालत जाता येईल." चालत जाता येतं हा निकष असेल तर मला खंडेराव मार्केटात भाजी रचायलाही पाठवता आलं असतं. घरी येऊन मी दोन दिवस तोंड फुगवून होते. बाबा एवढंच म्हणाले, "जुन्या कपड्यांचं दुकान? म्हणजे बोहारणीचाच धंदा, फक्त छपराखाली."

ते अगदी चूक नव्हतं. आमच्या लहानपणी बोहारीण यायची, डोक्यावर टोपलं, त्यात स्टीलची भांडी. आई तिच्यासमोर गाठोडं सोडायची आणि एका डब्यावरून अर्धा तास हुज्जत घालायची. ते कपडे पुढे कुठे जातात हे कोणी विचारत नसे. जातात, एवढं पुरे.

दुकान ज्या काकू चालवतात त्या साठीच्या पुढच्या, अस्सल बडोदेकर. मराठी बोलतात, पण वाक्याच्या शेवटी 'ने' येतो: "बेस ने", "चहा घेशील ने". त्यांच्या सासूबाई सुरसागराजवळच्या चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकलेल्या. महाराणी चिमणाबाईंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ती संस्था. त्या सासूबाईंचं पायाचं मशीन अजून दुकानात आहे आणि रोज चालतं. दुकानाची कल्पना मात्र काकूंना इंग्लंडमधल्या लेस्टरला सुचली, मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या तेव्हा. तिकडे गावोगावच्या मुख्य रस्त्यावर अशी दुकानं असतात. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने तर ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४७-४८ मध्येच आपलं काढलं होतं. काकू म्हणाल्या, "मी तिथे एक स्वेटर घेतला. बाहेर आल्यावर मुलीने सांगितलं की आई, हा कोणीतरी वापरलेला आहे. मला कळलंच नव्हतं ने. का कळलं नव्हतं? काच!"

म्हणजे काचेचं महत्त्व त्यांना आधीच पटलेलं होतं. फक्त काच लावायला माणूस नव्हतं.

पहिला आठवडा मला काचेजवळ फिरकूच दिलं नाही. मागच्या खोलीत मासींच्या हाताखाली बसवलं. मासी गुजराती, मेहसाण्याकडच्या, कपडा हातात घेतल्याघेतल्या सांगतात: सुती, टेरिकॉट, रेयॉन, "आ सिल्क नथी, बनावट छे". मी तीन वर्षं फायबर टेस्टिंग शिकले, धागा जाळून राखेचा वास घेतला. मासींना नखाने नुसतं घासावं लागतं. कपड्यांचे चार ढीग व्हायचे: काच, रॅक, किलो आणि चिंध्या. काचेच्या ढिगात दिवसाला दोन-तीन वस्तू पडल्या तर खूप. किलोच्या ढिगातले कपडे आठवड्यातून एकदा वजनावर जातात. सुती चिंध्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, वर्कशॉपांत यंत्रं पुसायला जातात आणि लोकरीचं काही असेल तर एक माणूस ते पानिपतला पाठवतो. तिथे जुनी लोकर पिंजून पुन्हा धागा काढतात आणि घोंगड्या विणतात.

प्रत्येक खिसा उलटा करायचा, हा मासींचा पहिला नियम. बसची तिकिटं, सुपारी, देवळातला वाळलेला बेल, औषधाची चिठ्ठी. एका जरीच्या ब्लाउजात आतून टाचलेली सुरक्षापिन, तिच्यात काळी पोत. ती काकूंनी पाकिटात घालून, वर तारीख लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवर अशा पाकिटांनी भरलेला आहे.

श्रावण होता. ऊन नाही, त्यामुळे डांबरगोळ्यांचा वास जात नाही. कपाटात वर्षानुवर्षं राहिलेल्या साडीचा वास वेगळाच असतो, त्याला डांबरगोळी, कापूर, कडुनिंबाचा पाला आणि थोडी ओल लागते. आम्ही गच्चीच्या जिन्यात दोऱ्या बांधून पंखा लावत होतो. स्टीमर नाही. ओलं मलमल वर ठेवून साधी इस्त्री, जरी असेल तर साडी उलटी करून. खऱ्या जरीच्या चांदीला ओल लागली की ती काळी पडते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. कशी काळी पडते ते इथे पाहिलं: घडीच्या रेघेवर आधी, मग पसरत.

दुसऱ्या आठवड्यात काच माझ्या ताब्यात आली. साडेसात फूट रुंद, चार फूट खोल, मागे लाकडी पाटिशन. इमारत जुनी, सागवानी खांबांची. तांबेकर वाड्यासारखी भित्तिचित्रं वगैरे काही नाहीत, पण खांबांवर नक्षी आहे. डमी एक, धड एक (हात-पाय-मुंडकं नसलेलं, नुसतं), हँगर हवे तेवढे. मी वहीत नकाशा काढला. रंगांची चढती भांजणी: डावीकडे पांढरा, मग पिवळा, केशरी, लाल, जांभळा. सगळे सदरे आणि कुर्ते, कडक इस्त्री केलेले, सारख्या अंतरावर. पुस्तकात असतं तसं. मी रस्त्यापलीकडे जाऊन फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला.

पहिल्या दिवशी दारात चार जण आले. चौघांनीही विचारलं की पॅन्टच्या इस्त्रीचे किती घेता.

काकू हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "लाँड्री वाटते ने. सगळे सारखे उभे केलेस. घरात कपडे असे असतात का?" मग मी तीन गोष्टींवर आले: एक उंच, एक मधली, एक खाली पडलेली. खुर्चीच्या पाठीवर टाकलेली ओढणी, खुर्चीखाली कोल्हापुरी, धडावर कुर्ता. बाह्यांत कोरा कागद चुरगळून भरला, म्हणजे आत हात आहे असं वाटतं (वर्तमानपत्र भरू नका, शाई उतरते). मोठा ब्लाउज किंवा झब्बा डमीला सैल होतो तो मागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळायचा. समोरून अप्सरा, मागून वाळत घातलेली दोरी. किंमतीची चिठ्ठी आतल्या शिवणीला दोऱ्याने बांधायची. रेशमातून पिन कधीच घालायची नाही.

डमीचा उजवा हात खांद्यातून निसटायचा. खाच झिजलेली. मी डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळली. दमट हवेत ती दोन दिवस टिके.

त्याच काळात मी एक ओढणी घालवली. बांधणीची, गडद हिरवी, नवीकोरी वाटावी अशी. खुर्चीवर टाकली आणि दहा दिवस तशीच ठेवली, कारण ती छान दिसत होती. आमची काच पश्चिमेकडे आहे. पाऊस उघडला की साडेचार ते साडेसहा ऊन सरळ आत. ओढणी उतरवली तेव्हा घडीची रेघ होती तिथे एक बाजू मेंदीच्या वाळक्या पाल्यासारखी झालेली. चारशेची वस्तू, साठ रुपयांच्या रॅकवर गेली. काकूंनी वहीत 'नुकसान' असा वेगळा रकाना आहे त्यात लिहिलं आणि मला सही करायला लावली.

त्या रविवारी मी कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेले. ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघायला शाळेच्या सहलीतून गेले होते तेव्हा वाटलं होतं, इथे इतका अंधार का करून ठेवतात. संग्रहालयात जुन्या कापडावर ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं माप) आसपासच प्रकाश ठेवावा असा दंडक आहे, हे पुढे वर्गात शिकलेही होते. भर दुपारचं उघडं ऊन लाखाच्या घरात जातं. त्या हिशेबाने मी त्या ओढणीला दहा दिवस भट्टीत ठेवलं होतं. तेव्हापासून साडेचारला काचेवर आतून चादर सोडायची आणि काच दर पाच दिवसांनी बदलायची असं ठरलं.

मग गणपती जवळ आले.

दांडिया बाजारात गणपती म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. अर्धी मराठी घरं इथे आणि आसपास, मंडपांसाठी रस्ता अडवलेला, दुकानांसमोरून माणसांची रीघ. काकू म्हणाल्या की गौरींच्या वेळेला काच अशी लाव की मराठी बायका थांबल्याच पाहिजेत. काचेच्या ढिगात एक इरकली लुगडं आलेलं होतं, आमसुली रंगाचं, लाल काठ, पदरावर ते पांढरे कंगव्यासारखे दात. जुनं, पण धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. पदराजवळ एका ठिकाणी रफू होता. इतका बारीक की बोट फिरवलं तरच लागायचा. मी ठरवलं, डमीला नऊवारी.

आणि मला येईना. पाचवारी मी डोळे मिटून नेसवते, पण सव्वाआठ मीटर कापड त्या काडीसारख्या कमरेवर घेतल्यावर वरून नुसता बोजा दिसायला लागला. संध्याकाळी घरी रडकुंडीला येऊन सांगितलं. आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, गौरी नेसवतेस ना दरवर्षी?"

हे मला सुचलंच नव्हतं. आमच्याकडे गौरी उभ्या असतात. लोखंडी स्टँड, वर मुखवटा, मध्ये काही नाही. त्या काहीच नसलेल्या जागेतून बाई उभी करायची असते. आई आणि मोठी काकू आदल्या रात्री निऱ्या घालून, दोऱ्याने बांधून, वर पाट ठेवून दाबून ठेवतात. स्टँडला टॉवेल गुंडाळून पोट भरतात, नितंब भरतात, पाठीशी उशी. "पोटाशिवाय बाई दिसत नाही," हे आमच्या आजीचं वाक्य. तीन वर्षं मी फी भरून जे शिकत होते त्यातलं बरंचसं आमच्या माजघरात दरवर्षी फुकट चाललेलं होतं आणि मी त्या वेळी हळदीकुंकवाच्या वाट्या भरत असायचे.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः दुकानात आली. पदर खोचला, डमीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हिला काही खायला घालत नाहीत का?" दोन टॉवेल कमरेला, एक मागे. गौरीला पाय नसतात, हिला आहेत, म्हणून पायाची भानगड तिथे उपटली आणि काढून बसवण्याची युक्ती आम्ही दोघींनी मिळून शोधली. डमीच्या स्टँडची सळई पोटरीत जात होती, ती काढून तळपायाच्या भोकात बसवली, म्हणजे कासोट्याच्या आड आली नाही. रफू पदराच्या घडीच्या आत घेतला. शेवटी आईने पदर खांद्यावरून पुढे आणून डमीच्या त्या निखळणाऱ्या हातावर असा टाकला की हातही जागेवर राहिला. मासी हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अरे, आ तो बा ऊभां छे."

खरंच, कोणाची तरी आजी उभी होती.

बायका थांबल्या. आत आल्या, इतर वस्तू घेऊन गेल्या. लुगड्याची चौकशी रोज, पण हल्ली नऊवारी नेसतं कोण? मी मनात म्हटलं, नाहीच विकलं तर बरं, काच टिकेल.

गौरी आवाहनाच्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, हातात भाजीची पिशवी. आत आल्या नाहीत. काचेसमोर उभ्या राहिल्या. मी आतून बघत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग त्या आत आल्या आणि काकूंना म्हणाल्या, "ते लुगडं पदराशी रफू केलेलं आहे का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"आईने केलाय तो. दिव्याची काच फुटून लागली होती."

त्यांची आई गेल्याला चार महिने झाले होते. भाऊ-वहिनी आईच्याच घरात राहतात, ह्या बाई कारेलीबागेत. घर आवरताना वहिनीने कपडे देऊन टाकले असतील. त्या वहिनीबद्दल वाईट काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ह्या वर्षी आमच्याकडे गौरी नाहीत. म्हणून ह्या रस्त्याने आले, म्हटलं दुसऱ्यांच्या तरी बघाव्या."

मला वाटलं काकू लुगडं काढून त्यांच्या हातात देतील. काकूंनी तसं केलं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि किंमत सांगितली: साडेचारशे. मला त्या क्षणी काकूंचा राग आला. बाईंनी मात्र लगेच पर्स उघडली आणि पाचशेची नोट दिली, जणू काही त्यांनाही तेच हवं होतं. काकूंनी पन्नास परत केले आणि पावती फाडली. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "फुकट दिलं असतं तर मी तिच्या वहिनीचा निवाडा केला असता ने. आता तिने विकत घेतलं. घरी जाऊन सांगेल, बाजारातून आणलं. तंटा नाही." मला हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण चाळीस वर्षं दांडिया बाजारात राहून चारी बाजूंच्या घरांशी बोलाचाली टिकवलेली बाई आहे ती, माझ्यापेक्षा तिला जास्त कळत असणार.

लुगडं द्यायचं म्हणजे आधी सोडायचं. भर गर्दीत, ढोल वाजत असताना, मी काचेत चढले आणि त्या डमीचा पदर काढायला लागले. बाहेर लोक बघत होते. मुलं काचेला नाक लावून. पदर उतरला, हात निखळून खाली पडला आणि मी तशीच थांबले. एरवी दर पाच दिवसांनी डमीचे कपडे बदलते, कधी काही वाटलं नव्हतं. ह्या बाईंसमोर, रस्त्यासमोर, ते करवेना. काकूंनी न सांगता उन्हाची ती चादर सर्रकन ओढली. चादरीच्या आत मी आणि त्या दोघीच. त्यांनीच कासोटा सोडवला. टॉवेल निघाले तेव्हा थोडं हसल्या. "आई इतकी जाड नव्हती," म्हणाल्या. घडी मात्र मला घालू दिली नाही.

त्या गेल्यावर काच दोन दिवस रिकामी होती. काकू काही बोलल्या नाहीत, मीही नाही. तिसऱ्या दिवशी मी दान घ्यायच्या वहीत एक रकाना आखला. नाव, पत्ता, नग, तारीख हे आधीपासून होतं. पुढे मी लिहिलं: 'काचेत लावलं तर चालेल?' आणि खाली हो, नाही.

लेस्टरच्या दुकानात असला रकाना लागत नसेल. तिथे देणारा आणि बघणारा एकमेकांना ओळखत नाहीत, निदान माझी तशी समजूत आहे. इथे चार गल्ल्यांत साडी कोणाच्या लग्नातली ते सांगणाऱ्या बायका आहेत. लोक रकान्याशी थांबायला लागले. काहींनी गाठोडं परत उघडलं, एखादी वस्तू काढून घेतली. एका काकांनी 'हो' वर खूण केली आणि बायकोकडे बघून खोडली. एका वहिनींनी दोन्ही सोडून स्वतःचं लिहिलं: 'नवरा सुरतला गेल्यावर लावा.' आम्ही तारीख विचारून घेतली.

पितृपक्षात मला वाटलं धंदा बसणार, नवीन खरेदी कोणी करत नाही. काकू म्हणाल्या, "नवीन घेत नाहीत. आपल्याकडे नवीन आहे काय?" खरंच, त्या पंधरवड्यात उलट दान जास्त आलं आणि विक्रीही बरी झाली. जुनं वापरायला लाज वाटणाऱ्यांना काकूंचं ठरलेलं उत्तर आहे: "बाळाला पहिला अंगरखा जुन्या कापडाचा घालतात ने? मग तुला काय झालं?"

नवरात्राची काच ही माझी शेवटची आणि सर्वांत सोपी. चणिया-चोळीला आकाराची कटकट नसते. चोळी पाठीवर नाड्यांनी बांधायची, चणिया नाडीने आवळायचा, त्यामुळे एकीचा दुसरीला सहज होतो. आणि बडोद्यात गरबा खेळणाऱ्या मुली गेल्या वर्षीचा यंदा घालत नाहीत, म्हणून माल भरपूर आणि जवळजवळ नवा. आठ मीटर घेराचा एक काळा कच्छी भरतकामाचा चणिया मी पाटिशनवर पूर्ण गोल पसरला, पंख्यासारखा. वरून ताणायला उत्तरायणचा उरलेला मांजा घेतला आणि बोट कापून घेतलं. काच पाजलेला मांजा बोट कापतो तसा नाडीही कापतो हे गुजरातेत वाढलेल्या मुलीला सांगावं लागू नये. मग फिरकीतली सादी दोरी वापरली.

दिवा मी मुद्दाम एकच ठेवला, खाली, बाजूला. दिवसा काच तशी बरीच दिसे. पण अंधार पडल्यावर समोरून स्कूटर वळली की तिचा हेडलाइट भरतकामातल्या आभल्यांवर पडायचा आणि सगळा घेर एकदम फिरल्यासारखा चमकायचा. स्कूटर गेली की विझायचा. पुन्हा दुसरी आली की पुन्हा. मुली थांबून पुढच्या गाडीची वाट बघायच्या. हे मी ठरवून केलेलं नव्हतं. फायनल रिपोर्टात मात्र ठरवून केलं असं लिहिलं. चौदा जोड्यांपैकी अकरा घटस्थापनेच्या आत गेल्या. त्या चौदांतल्या प्रत्येकीपुढे वहीत 'हो' होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाँड्रीवाल्या काचेचा फोटो सर्वांत जास्त वेळ बघितला आणि कौतुक केलं. रंगसंगती उत्तम म्हणाल्या. वहीच्या रकान्याचं पान मी जोडलं होतं. त्यावर विचारलं, "ह्याचा डिस्प्लेशी काय संबंध?" मी लुगड्याची गोष्ट सांगायला लागले आणि अर्ध्यावर त्यांनी घड्याळ बघितलं. गुण बरे मिळाले. शोरूमवाल्या मैत्रिणीला माझ्यापेक्षा दोन जास्त. तिने आठ आठवडे एकाच ब्रँडच्या मुख्य ऑफिसातून आलेला नकाशा बघून टी-शर्टांच्या घड्या घातल्या होत्या. तिला विचारा, ती स्वतः सांगेल.

दिवाळीच्या चार दिवस आधी मासींचा फोन आला. मागे मशीनचा आवाज चालू होता. "हाथ पाछो नीकळी गयो," म्हणाल्या. चिकटपट्टी लावली तर दोन दिवसांत सुटते. मी सांगितलं की पट्टी नको, पोस्टकार्डाचा जाड तुकडा घडी करून खाचेत घाला आणि मग हात फिरवून बसवा. थांबल्या, बहुतेक बसवत होत्या. मग फोनमधून 'खट्' ऐकू आलं.